ड्रेसर

शाळेतून निरोप आला होता:
हॅलोविनला प्रत्येकाने एक भीतीदायक पदार्थ आणावा,
घरी केलेला. सोपा चालेल.

शर्वरीने मला टेबलाशी बोलावलं.
टेबल म्हणजे शिवणयंत्राचं झाकण,
त्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर पालथं घातलेलं.
बेबीकॉर्नची दोन पाकिटं, चीजच्या दहा स्लाइस,
वाटीत काळी मिरी.
"बाबा, ममी करायच्यात."
"तुझी? ती तर ड्युटीवर गेली."
"तसली नाही हो. मेलेला राजा. पट्ट्यांत गुंडाळलेला.
तुम्हाला जमेल ना?"

मला जमेल ना!
परळच्या इस्पितळात एकवीस वर्षं
ड्रेसर म्हणून मस्टरवर सही करतोय.
गुडघे, कोपरं, मांजाने कापलेले गळे,
मशीनमध्ये गेलेली बोटं.
खालून सुरुवात, मग तिरकी, मग अर्ध्यावर अर्धी,
आणि गाठ कधीच जखमेवर नाही.

मक्याला मिठाच्या पाण्यात एक उकळी दिली,
पंचाने एकेक पुसून घेतला.
ओल्यावर पट्टी बसत नाही,
हे दोन्हीकडे खरं.
चीज फ्रीजमधून काढल्याकाढल्या कापायचं,
बोटभर रुंदीचं नाही, त्याच्या निम्मं;
जरा उशीर केला की सुरीला लळा लावतं.
पहिला राजा झाला. दुसरा झाला.
सहावा तर असा झाला की मेट्रनने बघायला हवा होता.

शर्वरी हनुवटीला हात लावून बघत होती.
"बाबा, फारच नीट झालेत हो.
तीन हजार वर्षं मेलाय तो.
पट्टी सुटायला नको कुठे?"

मग मी वाईट बांधायला बसलो.
एक टोक लोंबतं सोडलं, हाताने परत आत खोचलं.
पुन्हा सोडलं, पुन्हा खोचलं.
हात ऐकेनात.
शेवटी तिनेच प्रत्येकाची एकेक पट्टी उसवली,
आणि मला उगाच
ओरडावंसं वाटलं, अगं, जंतू जातील.

दिवाळी होऊन दहा दिवस झालेत.
वॉर्डात अजून तिघं आहेत.
त्यातल्या एकाचं तोंड मीच बांधतो रोज,
डोळ्यांपुरती फट ठेवून.
परवा खिडकीच्या काचेत बघून म्हणाला,
काका, मी भूत झालो.
मी विचारलं, भूक लागते का रे?
म्हणाला, लागते. वडापावची.
म्हटलं, मग कसला भूत तू.

हे मी शर्वरीला सांगितलं नाही.
म्हटलं, डोळे तू लाव.
तिने मिऱ्या लावल्या, दोन दोन,
चीजचा ठिपका देऊन.
बारा सरळ बघत होते,
तेरावा तिरळा.
"हा तेराव्याचा," मी म्हटलं. ती हसली नाही,
तिला कळलंच नाही. बरं झालं.

वडाळ्याला तिच्या मैत्रिणीचा टॉवर, तेविसावा मजला.
गेटवर वही: नाव, फ्लॅट नंबर, काम.
वॉचमनने विचारलं, डब्यात काय आहे?
"पेशंट," शर्वरी म्हणाली
आणि लिफ्टकडे पळाली,
काळ्या ओढणीचं टोक दारात अडकता अडकता.
मी बाहेर, दुभाजकाच्या कठड्यावर बसून राहिलो
साडेनऊपर्यंत.

"दोन मिनिटांत संपले सगळे!
कियानचं वटवाघूळ कोणी खाल्लंच नाही,
बाहेरून मागवलेलं होतं ते."
टिश्यूतून तिने एक काढला. तिरळा.
माझ्यासाठी ठेवलेला.

दिव्याखाली उभा राहून मी पट्टी सोडवली.
सवयीने, वरून खाली, न ओढता,
मध्येच एक फुंकर घातली.
"बाबा, खा ना, काय बघताय?"

आत पिवळंधमक कणीस.
कुठे काही झालेलं नव्हतं त्याला.
खाल्लं. मीठ थोडं कमी होतं.